तेरेखोल ते गालजीबाग, हमरस्ता टाळून: सायकलचा मातीचा मार्ग सुचवा

जांभादगड
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मिळतायत. गोव्याच्या उत्तर टोकाच्या तेरेखोल किल्ल्यापासून दक्षिणेच्या गालजीबागपर्यंत एमटीबीनं (माउंटन बाइकनं) जायचा बेत आहे. एनएच 66 शक्यतो फक्त ओलांडायचा, त्याच्यावरून जायचं नाही. सडा (जांभ्याचं पठार), काजूची मरडं (डोंगरउतारावरच्या बागा), खाजनाचे (नदीकाठच्या सखल शेतांचे) बांध, फेरीबोटी आणि जमेल तिथं किनारा, असा मार्ग जोडायचाय. दिवसाला 50-60 किलोमीटर. सायकल हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), पुढे 120 मिमी सस्पेन्शन, 29 इंची चाकं.

गोव्यात पहाटे सायकल चालवणारे आता भरपूर दिसतात, पण बहुतेक सगळे डांबरावर. आपल्याकडे खऱ्या मातीच्या वाटा आहेत आणि त्या एकमेकींना जोडता येतात, असं माझं ठाम मत आहे. समुद्रापासून तासाभराच्या अंतरावर कुळागर (सुपारी-नारळाची बाग), त्याच्यापुढे सडा, त्याच्यापुढे नदी आणि धक्का. एवढ्या जवळजवळ एवढे प्रकार दुसरीकडे कुठे मिळतील?

माझा कच्चा आराखडा असा: तेरेखोल, केरी, हरमल, मांद्रे, मोरजी, शिवोली, हळदोणे, चोडण, दिवाडी, जुने गोवे. तिथून फोंड्याकडून सासष्टीत, मग केपे, बेतूल, खोला, आगोंद, गालजीबाग. कुठे काय बदलावं ते सांगा. मार्ग पक्का झाला की जीपीएक्स फाइल (जीपीएसवर उघडणारी मार्गाची रेषा) इथेच टाकतो, सगळ्यांना उपयोग होईल.

सत्तरीतला
आराखड्यात सत्तरी तालुका नाहीच! केरीहून (आमच्या, सत्तरीतल्या) चोर्ला घाट चढून बघा एकदा. वर पोचलात की समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर असता आणि अंजुणे धरणाचं पाणी खाली पसरलेलं दिसतं. गोवा म्हणजे किनारा, हे सूत्र सायकलवाल्यांनी तरी सोडावं.

जांभादगड
@सत्तरीतला, सत्तरीसाठी वेगळी मोहीम करायचीच आहे. पण चार दिवसांत पेडण्याहून सत्तरी करून काणकोण गाठायचं म्हटलं तर नुसतं पळणं होईल. तिकडच्या वाटांबद्दल लिहा मात्र, पुढच्या वेळी तेच पान उघडीन.

सत्तरीतला
लिहितो. पहिली गोष्ट, म्हादई अभयारण्य 208 चौरस किलोमीटरचं आहे आणि नकाशावर दिसणाऱ्या निम्म्या पायवाटा त्याच्या आत जातात. वन खात्याच्या परवानगीशिवाय आत सायकल घालू नये. नेत्रावळी, खोतीगाव, मोले, सगळीकडे हेच. गेटवरचा माणूस ओळखीचा निघाला म्हणून आत गेलो, अशा कथा लोक इथे अभिमानानं लिहितात, त्या मला पटत नाहीत. जंगलात आपला माणूस हरवला तर शोधायला त्याच गार्डना जावं लागतं.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. जानेवारी ते मे या काळात सत्तरीत माकडतापाची भीती असते. 2015 मध्ये पालीच्या बाजूला माणसं दगावली आहेत. गोचिडीमार्फत पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्रात कळवा. पालापाचोळ्यात बसून डबा खाऊ नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी आल्यावर अंग नीट तपासा. दिवाळीत हा प्रश्न तितका नसतो, पण धागा वाचून कोणी मार्चमध्ये निघेल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पेडण्याचो_पोर
सुरुवात तेरेखोलहून करताय हे छान. 1954 च्या 15 ऑगस्टला सत्याग्रहींनी तिथं तिरंगा फडकवला होता. किल्ला नदीच्या पलीकडच्या काठावर, तिन्ही बाजूंनी महाराष्ट्र आणि पाणी, तरी जागा गोव्याची. फेरीनं केरीला उतरलात की थेट डांबरी रस्ता धरू नका. केरी आणि हरमल यांच्या मध्ये जो सडा आहे, जिथून पॅराग्लायडिंग करतात, त्याच्यावरून पायवाट आहे. वरचा भाग सुरेख चालतो, उघडा जांभा आणि गवत. हरमलच्या बाजूनं उतरताना मात्र सायकल खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा. उतार धोंड्यांचा आहे आणि पर्यटक चढत असतात. तिथं वेग दाखवू नये.

पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात, याच सड्यावर सीतेची आसवं आणि कवळ्याची फुलं असतात. सड्यावरची माती बोटभर जाडीची. तिच्यावरून टायर गेला की खालचा दगड उघडा पडतो आणि पुढच्या वर्षी तिथं काहीच उगवत नाही. दिवाळीपर्यंत फुलं गेलेली असतात, पण बिया तिथंच असतात. म्हणून मळलेली पायवाट सोडून मोकळ्यावर घालू नका.

आणि मांद्रे-मोरजीचा किनारा आराखड्यातून काढा. नोव्हेंबरपासून तिथं ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चाकानं वाळू दाबली जाते, खाली घरटं आहे की नाही ते वरून कळत नाही. पिल्लं बाहेर पडली तर चाकोरीत अडकतात. आगोंद आणि गालजीबागलाही तेच लागू.

जांभादगड
पटलं. मोरजी, मांद्रे किनाऱ्यानं नाही. मग शापोरा नदी कुठे ओलांडू? शिवोली-चोपडे पुलावर सकाळी आठनंतर गाड्यांची रांग असते.

फेरीवालो
तुये-कामुर्ली फेरी आहे ना! पुलाच्या बरीच वर, आतल्या अंगाला. मोरजीकडे न जाता मांद्र्याहून आत वळा, तुये गाठा, फेरीनं कामुर्लीला उतरा. तिथून हळदोण्याकडे गावागावांतून जाता येतं. सायकल घेऊन फेरीत चढताना एकच पाळा: आधी गाड्या उतरू द्या, मग चढा. ओहोटीला फेरीची फळी धक्क्याशी तिरकी होते आणि शेवाळलेली असते, क्लीट (पेडलला अडकणारी पट्टी) असलेल्या बुटांनी घसराल.

गोव्यात सायकलचा मार्ग आखायचा तर आधी फेऱ्यांचा नकाशा मांडावा, असं माझं मत. पूल झाले तिथं रस्ते रुंद झाले आणि सायकलवाला कडेला गेला. फेरी आहे तिथं दोन्ही काठांना अजून शांत रस्ता आहे. पोंबुर्पा-चोडण, नार्वे-दिवाडी, दिवाडी-जुने गोवे, रासई-दुर्भाट, राया-शिरोडा. या ओळीतच तुमचा निम्मा मार्ग झाला. रायबंदर-चोडणला तर 2025 पासून रो-रो फेरी आलीय, पण तुमच्या दिशेला पोंबुर्पाच बरी.

चोडणहून दिवाडीला जाताना मये-नार्वे करून जा. नार्व्यात सप्तकोटेश्वराचं देऊळ वाटेवर आहे. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. फेरी चुकली की पुढची येईपर्यंत तिथंच थांबा, सभामंडपात गारवा असतो.

मानशीकार
धागा आवडला, पण बांधांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या खाजनात शेती करत आलंय.

बांध ही पायवाट नाही. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीच्या खाली असलेलं शेत. बाहेर नदीचं खारं पाणी, आत भात, मध्ये फक्त तो बांध. पोटात चिखल आणि गवत, बाहेरच्या अंगाला चिरे. मध्ये मानशी असते, लाकडी दारांची. सुकतीला (ओहोटीला) आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरती चढू लागली की बाहेरचं पाणीच ते दार बंद करतं. माणूस हात लावत नाही. दार बसताना ‘धप्’ असा आवाज येतो आणि फटीतून चार-पाच बारीक धारा आत उडत राहतात. त्या धारा वाढल्या की आम्ही दाराच्या कडेला चिखल आणि पेंढा ठासतो.

आता तुमचं चाक. पावसानंतर बांधाचा माथा ओला असतो. एक सायकल गेली की बोटभर चाकोरी पडते. तुमच्यामागून दहा जण त्याच चाकोरीतून जातात. तिच्यात पाणी साचतं, खेकड्यांची बिळं असतातच, पाणी बिळात उतरतं आणि बांध आतून पोकळ होतो. मग एखाद्या उधाणाला फुटतो. खारं पाणी एकदा शेतात आलं की पुढचा एक-दोन पावसाळ्यांचा काळ मीठ धुवून जाण्यातच जातो. कोर्गुट जातीचं भात तेवढं खार सोसतं, दुसरं नाही.

दिवाळीचं म्हणाल तर तुम्ही नेमके वाईट दिवस निवडलेत. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाणाची भरती. पाणी बांधाच्या माथ्याजवळ असतं आणि आत भात कापणीला आलेलं असतं.

डबल_चेनरिंग
मानशीकार, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. चोडण-दिवाडीच्या कितीतरी बांधांवरून आता स्कूटर जातात, काही ठिकाणी काँक्रीट घातलंय, रिक्षासुद्धा जाते. तिथं 13 किलोच्या सायकलला अडवणं पटत नाही. सायकलवाले निदान बांध बघतात, मानशी म्हणजे काय ते विचारतात. तुम्ही त्यांनाही दूर ठेवलंत तर खाजनाच्या बाजूनं बोलायला शहरात कोण उरेल?

मानशीकार
काँक्रीटच्या बांधावरून खुशाल जा, त्याला माझी हरकत नाही. मी मातीच्या बांधाबद्दल बोलतोय. स्कूटर जाते तीसुद्धा चूकच आहे, आणि ती नेणारा बहुधा तिथला शेतकरी असतो. बांध फुटला तर रात्री कमरेएवढ्या पाण्यात उतरून तोच तो बांधतो. तुम्ही तेव्हा घरी असता.

कुडतरीची_सून
दोघांचंही वाचलं. माझं सासर कुडतरीला, सासष्टीचं कोठार म्हणतात त्या गावात. आमच्याकडे नदीकाठी बांध आहेत आणि आत तळी. सायकलवाले येतात, मला आवडतं, मुलं बघायला धावतात. पण कापणीच्या दिवसांत बांधावर आणि शेतातल्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं असतं. मागच्या हंगामात एक मोठा गट आला, त्यांच्या पुढच्याला रस्ता माहीत होता म्हणे, सगळे भाताच्या कडेकडेनं चाक घालत गेले. सासूबाई नंतर किती तरी वेळ खडे वेचत बसल्या होत्या. कोणी मुद्दाम केलं नाही हे आम्हालाही कळतं. थांबून ‘मावशी, कुठून जाऊ?’ एवढं विचारलं असतं तर त्यांनीच दुसरी वाट दाखवली असती आणि वर पाणीही दिलं असतं.

विचारा, एवढंच सांगणं आहे. गोव्यात कुठलीही वाट कोणाची तरी असते. कोमुनिदादची (गावाच्या सामाईक मालकीची) असेल, भाटकाराची (जमीनदाराची) असेल, देवस्थानाची असेल, मुंडकाराच्या (त्याच्या जमिनीत घर असलेल्या कुळाच्या) अंगणातून जात असेल.

जांभादगड
मानशीकार, वहिनी, दोघांचेही आभार. मातीचे बांध मार्गातून पूर्ण वगळतोय. चोडण आणि दिवाडीवर पक्क्या बांधावरून आणि गावातल्या रस्त्यानंच जाईन. कापणी चालू असेल तिथं उतरून चालत.

ग्रीस_आणि_गियर
मी सायकली दुरुस्त करतो, तेव्हा यंत्राबद्दल बोलतो.

टायर: 29×2.25, ट्यूबलेस करून घ्या. 75 किलोच्या आसपास वजन असेल तर पुढे 20-22 आणि मागे 23-25 पीएसआय. ट्यूब असेल तर 28-30 ठेवा, नाहीतर जांभ्याच्या कडेवर आपटून ट्यूबला दोन भोकं पडतील. गोव्याच्या उन्हात सीलंट (टायरातला भोक बुजवणारा द्रव) लवकर सुकतं, निघण्याआधी नवीन भरा.

ब्रेक पॅड: जांभ्याचा लाल चिखल कानशीचं काम करतो. ऑरगॅनिक पॅड ओल्या मातीत भराभर झिजतात, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) घाला. आवाज करतात, पण टिकतात. एक जोडी बरोबर ठेवा.

दिवाळीची खास सूचना: नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात, त्या सकाळी प्रत्येक तिठ्यावर जळलेल्या तारा, खिळे आणि फटाक्यांचा कचरा असतो. माझ्या दुकानात वर्षातले सगळ्यात जास्त पंक्चर त्या दिवशी येतात. तिठा आला की मधून जाऊ नका, कडेनं बघून जा.

भटक्या_कोल्हापूर
छान चाललंय. मी बाहेरचा, म्हणून विचारतो: किनाऱ्यावरून सायकल चालवणं खरंच जमतं का? व्हिडिओत सोपं वाटतं.

ग्रीस_आणि_गियर
जमतं, ओल्या घट्ट वाळूवर आणि ओहोटीलाच. पण मी माझ्या गिऱ्हाइकांना नको सांगतो. खाऱ्या पाण्याचे तुषार बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलच्या आसात) आणि हेडसेटच्या बेअरिंगमध्ये जातात. गेलातच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा, जोरदार फवारा मारू नका, कापडानं पुसा, चेन पूर्ण वाळली की मगच तेल घाला. ‘उद्या धुतो’ म्हणणाऱ्याची चेन उद्या तांबडी झालेली असते.

वाळूवरचा_माणूस
सासष्टीत एकदा तरी जावंच! वेळसांव ते मोबोर वीस किलोमीटरहून जास्त सलग किनारा आहे. मध्ये ओढे येतात ते उचलून पार करायचे. वेळ काढायची जुनी रीत आजोबांनी शिकवली: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. त्याच्या सहाएक तास आधी आणि नंतर सुकती. म्हणजे दिवाळीत पहाटे पाचच्या सुमाराला आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास वाळू सगळ्यात रुंद आणि घट्ट. रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा, पण आकाशात चंद्र बघून अंदाज येतो हे मला फार आवडतं.

सत्तरीतला
दशमीला साडेसात, अष्टमीला सहा. बरोबर बसतंय. आमच्या डोंगरात याचा उपयोग नाही, पण घरी जाऊन पोरांना शिकवतो.

रानजाई
दक्षिणेबद्दल लिहिते. मी एकटी किंवा एखाद्या मैत्रिणीबरोबर काणकोण-केप्यात सायकल चालवते.

दुर्भाटहून रासईला उतरलात की लोटली, राया, राशोल, कुडतरी, चांदर असे जा. उंच-सखल काही नाही, सावली भरपूर. पारोड्याला चंद्रनाथचा डोंगर आहे, सुमारे 350 मीटर. वर देवळापर्यंत रस्ता जातो, चढ खडा आहे. वरून सासष्टीची सगळी शेतं आणि मागे समुद्र दिसतो. पाय शिल्लक असतील तरच करा.

केप्याहून थेट बेतूलला न जाता रिवणकडे वळा अशी माझी विनंती. पणसईमळला कुशावती नदीच्या काठावर, जांभ्याच्या सपाट खडकात कोरलेली चित्रं आहेत. 1993 मध्ये ती उजेडात आली. बैल, हरणं, मोर, माणसं आणि एक मोठा वर्तुळाकार चक्रव्यूह. सकाळी लवकर गेलात तर तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, दुपारी दिसतच नाहीत. चक्रव्यूहाजवळ उकिडवं बसून त्या खोबणीतून बोट फिरवत गेलं की मध्यापर्यंत जाऊन पोचतं. सायकल वर झाडाखाली ठेवा. खडकावर क्लीटचे बूट घालून चालू नका, अनवाणी चाला.

तिथून फातर्पा, बेतूल, मग खोलगड. बेतूल ते आगोंद रस्ता डांबरी असला तरी चढ-उतार सतत आहेत, एमटीबीचे हलके गियर तिथंच कामाला येतात. खोल्याच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर मिरची करतात, जीआय मानांकन मिळालेली हीच ती. घरांसमोर वाळत घातलेली दिसली तर विकत घ्या, पाठीवरच्या पिशवीत मावते.

एकट्या बाईनं जावं का, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. जावं. गावात त्रास होत नाही. पहाटे कामाला निघालेल्या बायका हात करतात, विचारपूस करतात. त्रास कुत्र्यांचा. कुत्रं मागे लागलं तर वेग वाढवू नका, उतरून सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा, बहुतेक वेळा तिथंच थांबतं. आणि काजूच्या दिवसांत, फेब्रुवारी ते मे, कोणाच्याही मरडावरून विचारल्याशिवाय जाऊ नका. तो त्यांच्या वर्षभराच्या कमाईचा हंगाम असतो. शिवाय सडलेल्या बोंडांवरून चाक असं सरकतं की हँडल हातात राहत नाही.

पोदेराचो_फॅन
खाण्यावर कोणीच बोललं नाही! पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू आला की थांबा. गोव्यातला सगळ्यात अनुभवी सायकलस्वार तोच: मागे भलीमोठी टोपली, पावसाळ्यात वर प्लास्टिक, आणि गावातली एकूण एक वाट तोंडपाठ. गरम पोयी घ्या, एखाद्या तिठ्यावरच्या हॉटेलात पातळ भाजी आणि मिरची भजी, पुढे चाळीस किलोमीटरची चिंता नाही. एनर्जी जेलचे पैसे वाचवा.

डबल_चेनरिंग
पोदेराला वाट विचारली तर गूगलपेक्षा बरी मिळते, हे शंभर टक्के. मला एकदा त्यानंच सांगितलं, पुढे ओढ्यावरचा साकव वाहून गेलाय. नकाशावर तो अजून आहे.

पेडण्याचो_पोर
साकवावरून आठवलं. मोपा विमानतळ झाल्यापासून आमच्या बाजूच्या सड्यावरच्या कितीतरी जुन्या वाटा बंद झाल्या किंवा सहापदरी रस्त्याला जाऊन भिडल्या. सॅटेलाइट नकाशावर जुनी चित्रं असू शकतात. पेडण्यात कुठलीही वाट आदल्या आठवड्यात कोणी तरी बघितल्याशिवाय धरू नका.

सत्तरीतला
तसंच खाणींचं. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात खाणीचे जुने रस्ते नकाशावर मस्त लाल रेषा दिसतात. 2012 मध्ये खाणी बंद झाल्यावर काही जण तिथं सायकल चालवू लागले. पण ती खासगी जागा आहे. डंपचे (खाणीतल्या मातीच्या ढिगांचे) उतार ठिसूळ असतात आणि खंदकांत खोल पाणी. मुलांना तर अजिबात नेऊ नका.

भटक्या_कोल्हापूर
आणि परत कसं यायचं? गालजीबागहून पेडण्याला पुन्हा सायकलनं?

फेरीवालो
रेल्वेनं. कोकण रेल्वे काणकोणपासून पेडण्यापर्यंत अख्खा गोवा पार करते. काणकोणला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, मडगावला जास्त. सायकल पार्सलमध्ये आधी बुक करा. चेन आणि डेरेलियरच्या बाजूला पुठ्ठा बांधा, हँडल सैल करून आडवं फिरवा.

मानशीकार
रेल्वेचं निघालंच म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हाच रेल्वेमार्ग खाजनातून नेण्याविरुद्ध गोव्यात मोठं आंदोलन झालं होतं. करमळीच्या बाजूला खिडकीतून बघा, रुळांच्या दोन्ही बाजूंना खाजन दिसेल.

आता जीपीएक्सबद्दल. जांभादगड, तुम्ही भल्या मनानं फाइल टाकणार हे कळतं, पण टाकू नका असं माझं मत आहे. फाइल एकदा नेटवर आली की ती दिवाळीतली आहे की जुलैमधली, हे कोणी बघत नाही. ऐन पावसात पन्नास जण त्याच रेषेवरून येतील. रेषेला हंगाम कळत नाही आणि परवानगीही कळत नाही. तुम्ही ज्या मावशीला विचारून अंगणातून गेलात, त्या अंगणातून बाकीचे न विचारता जातील.

डबल_चेनरिंग
इथे मी पुन्हा असहमत. माहिती लपवली की ती ठरावीक गटांची मालमत्ता होते. ते पैसे घेऊन लोकांना नेतात आणि वाटेवर हक्क सांगतात. नवख्या माणसाला, एकट्या मुलीला, बाहेरगावच्याला फाइल हवीच. फाइल नसेल तर तो हमरस्त्यावर जाईल आणि ट्रकखाली येईल.

रानजाई
मला दोन्ही बाजू पटतात आणि मधली वाटही दिसते. ज्या वाटा सार्वजनिक आहेत, म्हणजे फेऱ्या, गावचे रस्ते, पक्के बांध, पंचायतीच्या कच्च्या वाटा, त्यांची फाइल द्या. सड्यावरचे आणि खासगी मरडावरचे तुकडे रेषेत घालू नका. तिथं फक्त गावाचं नाव लिहा आणि ‘इथं विचारा’ अशी खूण करा. मला सुरक्षिततेसाठी पहिला भाग पुरेसा आहे. दुसऱ्या भागासाठी मी थांबून विचारते, आणि त्यातूनच ओळखी होतात.

कुडतरीची_सून
+1. आणि फाइलच्या वर्णनात महिने लिहा. जून ते सप्टेंबर ‘येऊ नका’ असं स्पष्ट.

मानशीकार
रानजाईंनी सांगितलं तसं होणार असेल तर माझा विरोध नाही. उलट नार्व्याच्या आणि दिवाडीच्या बाजूला कुठले बांध पक्के, कुठले मातीचे, ते मी खुणा करून देतो. मला निरोप पाठवा.

डबल_चेनरिंग
चालेल. मातीच्या बांधांची यादी आली तर मीच ती आमच्या गटात लावतो, तुमच्या सांगण्याप्रमाणे.

जांभादगड
सगळ्यांचे मनापासून आभार. मार्ग आता असा धरलाय:

पहिला दिवस: तेरेखोल, फेरीनं केरी, सड्यावरून हरमल (उतारावर सायकल खांद्यावर), मांद्र्याहून आत तुये, फेरीनं कामुर्ली, मुक्काम हळदोण्यात. जमलं तर कोर्जुव्याचा किल्ला संध्याकाळी. पेडण्यातली वाट आदल्या आठवड्यात पेडण्याचो पोर बघून सांगणार आहेत.

दुसरा दिवस: पोंबुर्प्याहून फेरीनं चोडण, मये, नार्वे, फेरीनं दिवाडी, फेरीनं जुने गोवे, बाणस्तारीवरून सावईवेरें. त्या भागात कुळागरांतून जाणारा रस्ता आहे, तो गावाचाच आहे. मुक्काम दुर्भाटच्या आसपास. हा दिवस मुद्दाम लहान ठेवलाय, फेऱ्यांची वाट बघण्यात वेळ जातो.

तिसरा: फेरीनं रासई, लोटली, राशोल, कुडतरी, चांदर, पारोडा, केपे, रिवण. चंद्रनाथ पाय ठरवतील.

चौथा: पहाटे पणसईमळ, मग फातर्पा, बेतूल, खोला, आगोंद, गालजीबाग. शेवटचे दोन्ही किनारे फक्त बघायचे, वाळूत चाक नाही. हा दिवस लांब आहे, म्हणून पाचवा दिवस रेल्वेसाठी मागून घेतलाय.

वेळसांव-मोबोर या खेपेला नाही. वाळूवरचा_माणूस, ते तुमच्याबरोबर वेगळं करू, अष्टमीला नको.

ग्रीस_आणि_गियर
दुसऱ्या दिवशी सकाळी नरकचतुर्दशी येत असेल तर हळदोण्यातून उजाडल्यावरच निघा. अंधारात तारा दिसत नाहीत.

मानशीकार
नार्वे-दिवाडी भागात कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला पाण्याशी हात-पाय धुवायला उतरू नका. तिथं मगरी आहेत. आमच्यात पौषाच्या शेवटी चिखलाची मगर करून पुजतात, मांगें थापणी म्हणतात. विहीर मागा, कोणीही देईल.

फेरीवालो
नार्व्याच्या धक्क्यावर दुसऱ्या दिवशी मी येतो. दिवाडी पार करेपर्यंत बरोबर राहीन. रात्रीपर्यंत कुठे पोचलात ते इथेच कळवा, म्हणजे किती वाजता निघायचं ते ठरवतो.

जांभादगड
नक्की. मुक्कामाला पोचलो की इथेच लिहितो. आणखी कोणी एखाद्या टप्प्यापुरतं येणार असेल तर सांगा. एका वेळी चार-पाच सायकलींपेक्षा जास्त नकोत, गावातल्या वाटेला तेवढ्याच झेपतात.

रानजाई
रिवणपासून पुढे मी आणि मैत्रीण येतो. दोन सायकली धरा.